पाणी न धरणाऱ्या पिसांचं डाऊन जॅकेट: ऑक्टोबर ते मे

उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरलं तेव्हा ऑक्टोबरमध्ये मी हे जॅकेट घेतलं. आत बदकाची पिसं, फिल पॉवर (पिसांच्या फुगवट्याचा आकडा) ७००, आणि पिसांवर पाणी चिकटू नये म्हणून प्रक्रिया केलेली. तेच जॅकेट साध्या पिसांत अडीच हजारांनी स्वस्त मिळत होतं. त्या अडीच हजारांत नेमकं काय मिळालं, ते सांगते.

आपल्या नागपुरात एरवी तिबेटी बाजारातला स्वेटर पुरतो. पण पेंचला पहाटेच्या उघड्या जिप्सीत आणि चिखलदऱ्याला रात्री बाहेर बसताना हे जॅकेट घातलं आणि थंडी वाजलीच नाही. कोरड्या थंडीबद्दल बोलायचं काही नाही, तिथे साधी पिसंही तितकीच उबदार असतात. खरा प्रश्न ओलाव्याचा आहे.

पिसं स्वतः ऊब तयार करत नाहीत. ती फुगतात आणि मधे हवा अडकून राहते, ऊब त्या हवेमुळे टिकते. साधारण २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा भरतात, तो आकडा म्हणजे फिल पॉवर. पाणी लागलं की बारीक तंतू एकमेकांना चिकटतात, पिसांच्या गाठी होतात आणि फुगवटा बसतो. प्रक्रियेमुळे तंतूंना पाणी लवकर धरत नाही.

घरी एक प्रयोग केला. माझ्या जॅकेटच्या शिवणीतून डोकावणारी दोन पिसं आणि भावाच्या जुन्या, साध्या जॅकेटमधली दोन, अशी वेगवेगळ्या बरण्यांत पाणी घालून हलवली. त्याची पिसं दहा मिनिटांत करड्या बोळ्यासारखी झाली. माझी वर तरंगत होती, तंतू न् तंतू सुटा. मग दोन्हीकडे भांडी घासायच्या लिक्विडचा एकेक थेंब टाकला. माझीही भिजून खाली गेली. हा थेंब लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

जानेवारीत भाऊ आणि मी केदारकांठ्याच्या वाटेवरच्या जुडा का तालाब या मुक्कामी तंबूत झोपलो. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचा बर्फाचा पापुद्रा धरला होता. ऊन चढताच तो वितळून अंगावर ठिबकायला लागला. दोन्ही जॅकेटांवरून थेंब घरंगळून गेले, पिसांपर्यंत पाणी पोचलंच नाही. म्हणजे तिथे काम बाहेरच्या कापडावरच्या लेपानं केलं. पिसांवरच्या प्रक्रियेची परीक्षाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी चढताना मात्र सॅकखाली पाठ घामानं निथळली आणि पाठीवरचा भाग माझ्याही जॅकेटचा चपटा झाला. शरीरातली वाफ कापडातून पिसांत शिरते आणि बाहेरच्या थंड थराजवळ तिचं पाणी होतं. वाफेला ही प्रक्रिया अडवत नाही. तेव्हापासून चढताना मी डाऊन अंगात ठेवतच नाही, थांबलो की चढवते.

फरक पाहिला तो फेब्रुवारीत. रामटेकहून दुचाकीवर परतताना मनसरच्या पुढे अवकाळी पावसानं गाठलं. आडोसा मिळेपर्यंत अर्धा तास गेला आणि दोघंही चिंब झालो. बाही चिमटीत धरली तर माझ्याही पिसांच्या गाठी हाताला लागत होत्या, म्हणजे 'भिजत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण घरी येऊन दोन्ही जॅकेटं पंख्याखाली पसरली, तासातासानं गाठी बोटांनी मोकळ्या केल्या, आणि रात्री जेवणं आटपेपर्यंत माझं बऱ्यापैकी फुगलं. भावाचं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दमट होतं आणि ओल्या पिसांचा वास येत होता. "ताई, तुझे पैसे वसूल," तो म्हणाला. माझ्या मते वसूल झाले ते इथेच: वाळण्याच्या वेगात.

मार्चमध्ये एका लाँड्रीत दिलं. डाऊन आहे, साधी पावडर नको, सॉफ्टनर नको, हे दोनदा सांगूनही त्यांनी दोन्ही घातलं. मला फार वाईट वाटलं. जॅकेट परत आलं तेव्हा कापडावर पाण्याचा थेंब ठरेना, सरळ मुरायचा. बरणीतल्या थेंबासारखंच झालं होतं. शेवटी घरीच टबात डाऊनसाठीच्या लिक्विडनं धुतलं, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळलं, पिळलं नाही, नुसतं दाबून पाणी काढलं. गच्चीवर सावलीत खाटेवर आडवं टाकून दोन दिवस अधूनमधून थोपटत वाळवलं. मग कापडावर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारला. थेंब पुन्हा घरंगळायला लागले.

लेबलवर पीएफएएस (पाणी धरू नये म्हणून लेपात वापरतात ती फ्लोरिनयुक्त रसायनं) नाही असं लिहिलेलं असलं तर उत्तम, ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. मात्र फ्लोरिनशिवायचे लेप तेल आणि घामानं लवकर निकामी होतात, त्यामुळे कॉलर आणि मनगटं वेळोवेळी पुसावी लागतात. आणि पावसाळ्यात जॅकेट छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. पूर्ण वाळवून सुती पिशवीत सैल ठेवा.

सलग काही रात्री ओल्या बर्फात तंबूत काढणार असाल तर हे अडीच हजार जरूर द्या. एरवी मी ते पैसे पातळ रेनजॅकेटवर घालेन. भावानं येत्या डिसेंबरसाठी साधंच डाऊन आणि वरून घालायला रेनजॅकेट, असं ठरवलंय. मीच त्याला तसं सांगितलं.