घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस : अकरा महिने वापरून झाल्यावर

घरात कॉम्प्युटर एकच आणि वापरणारे तिघं. मी कामासाठी, मुलगा अभ्यासासाठी आणि बाबा बँकेचे व्यवहार, मेल आणि जुने फोटो नीट लावून ठेवण्यासाठी. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, ८ जीबी रॅम, आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यावर मी आधी साडेचार महिने एक विकतचं इंटरनेट सिक्युरिटी पॅकेज वापरलं आणि नंतरचे साडेसहा महिने विंडोजमधलाच मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. पॅकेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते एका कंपनीबद्दल नाही.

आज डिफेंडर चालू आहे आणि तोच राहणार आहे. पैसे वाचतात म्हणून नव्हे. त्या साडेचार महिन्यांत घरात एक प्रसंग घडला आणि अँटिव्हायरस निवडताना काय बघायचं, याबद्दलचं माझं मतच बदललं.

निवड करताना मी सगळे करतात तेच केलं होतं, चाचण्यांचे गुण बघितले. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट नावाची संस्था आहे. ती संरक्षण, कॉम्प्युटरच्या वेगावर होणारा परिणाम आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज अशाच चाचण्या घेते. दोन्हींचे निकाल कुणालाही बघता येतात आणि ते बघावेतच. पण वरच्या फळीतली सॉफ्टवेअरं एकमेकांच्या इतकी जवळ असतात की त्या अर्ध्या गुणाच्या फरकावरून घरासाठी निवड करण्यात अर्थ नाही. मी तेच केलं. जास्त गुण, जास्त सोयी म्हणून मोठं पॅकेज घेतलं. त्यात अँटिव्हायरस, फायरवॉल, व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा गुप्त मार्गानं नेणारी सोय), पासवर्ड मॅनेजर, मुलांसाठी नियंत्रण, 'पीसी क्लीनअप' असं सगळं होतं.

पहिले दोन आठवडे छान गेले. मग उजव्या कोपऱ्यातल्या चौकटी सुरू झाल्या. 'व्हीपीएन बंद आहे, तुमची माहिती उघडी पडली आहे.' '३८४ ट्रॅकिंग कुकीज सापडल्या, आत्ता साफ करा.' 'तुमचा पीसी हळू चालतोय.' 'वरच्या प्लॅनवर आजच सवलत.' यातली एकही गोष्ट धोक्याची नाही. कुकी म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, व्हायरस नाही, आणि व्हीपीएन बंद असलं म्हणून घरच्या वायफायवर बँकेची साइट असुरक्षित होत नाही, ती एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर चालते. तरी प्रत्येक चौकटीला लाल पट्टी आणि उद्गारचिन्ह. एका आठवड्यात मी वहीत नोंद ठेवली. सात दिवसांत २३ चौकटी आल्या. त्यातल्या खरोखर सुरक्षेशी संबंधित दोन, एक साइट अडवल्याची आणि एक अपडेट झाल्याची. बाकी २१ चौकटींना काही ना काही विकायचं होतं किंवा आपण काम करतोय हे दाखवायचं होतं.

एका संध्याकाळी बाबांची हाक आली, "अगं, इकडे ये जरा, त्या अँटिव्हायरसवाल्यांना फोन लावायचाय. नंबर वाचून दाखव, अक्षरं बारीक आहेत." मी जाऊन बघितलं तर पूर्ण स्क्रीनभर लाल पान, '५ व्हायरस सापडले, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा', आणि मोठा बीप वाजतोय. बाबांच्या हातात फोन होता. मी म्हटलं, "बाबा, थांबा. हे पान कुठून उघडलं?" ते म्हणाले, "कोपऱ्यात रोज येतं ना तुझं ते, त्यावरच दाबलं."

ती चौकट आमच्या पॅकेजची नव्हतीच. ब्राउझरमध्ये कुठल्याशा साइटनं 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं होतं, बाबांनी 'अलाव' दाबलं होतं, आणि आता ती साइट अँटिव्हायरसचं सोंग घेऊन त्याच कोपऱ्यात, तशाच लाल रंगात सूचना पाठवत होती. फोन लावला असता तर पलीकडच्या माणसानं कॉम्प्युटरचा ताबा घेणारं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं असतं आणि मग बँकेचं खातं उघडायला लावलं असतं. ही फसवणूक याच क्रमानं चालते. पान एफ११ दाबून लहान केलं, ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद केला आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढून टाकली. रात्री पॅकेजनं पूर्ण स्कॅन केलं, काहीच सापडलं नाही. सापडणार कुठून, कॉम्प्युटरमध्ये काही शिरलंच नव्हतं. बाबांनी एका साइटला परवानगी दिली होती, एवढंच.

बाबांची यात काडीची चूक नाही. महिनोन्महिने त्या कोपऱ्यात लाल चौकट यायची आणि तिच्यावर दाबलं की ती जायची. खरी सूचना, जाहिरात आणि फसवणूक तिन्ही एकाच जागी, एकाच रंगात, एकाच आवाजात. त्यातून माणूस न वाचता दाबायलाच शिकतो. ज्या सॉफ्टवेअरचे आम्ही संरक्षणासाठी पैसे मोजत होतो, त्यानंच ही सवय लावली होती. मला याचा फार राग आला, अजूनही येतो.

त्यानंतर मी पॅकेज जरा खोलात जाऊन तपासलं. बँकेच्या साइटवर असताना ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याची, माहिती उघडली, तर सर्टिफिकेट देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरस कंपनीचं नाव! एचटीटीपीएसचा मजकूर तपासता यावा म्हणून असं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (इतर दाखल्यांना खरं ठरवणारा मूळ दाखला) बसवतं आणि मध्ये उभं राहून सगळं उलगडून बघतं. हेतू मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पकडण्याचा असतो हे मान्य. पण याचा अर्थ बँकेचा पासवर्डसुद्धा त्याच्या हातून जातो, आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, मी लगेच केली. अँटिव्हायरस कॉम्प्युटरमध्ये सर्वांत आत, सर्वाधिक अधिकार घेऊन बसलेला असतो, त्यामुळे कंपनीवरचा विश्वास ही नुसती बोलायची गोष्ट नाही. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, आणि त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. दुसरीकडे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका दिवसात कोसळले. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर होतं, घरगुती नव्हे, पण इतक्या आत बसलेली गोष्ट बिघडली की काय होतं ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

पॅकेज काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अनइन्स्टॉल केल्यानं वर्गणी थांबत नाही. आधी कंपनीच्या साइटवर खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा, मगच सॉफ्टवेअर काढा. आणि नेहमीच्या पद्धतीनं काढल्यावर मागे ड्रायव्हर आणि सेवा उरू शकतात, माझ्याकडे उरल्या होत्या. बहुतेक कंपन्या त्यासाठी वेगळं रिमूव्हल टूल देतात, ते चालवून रीस्टार्ट केल्यावरच जागा मोकळी झाली. दुसरा अँटिव्हायरस असताना डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो आणि तो गेला की परत उभा राहतो. तसा तो राहिला, फक्त त्याच्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या याद्या) जुन्या होत्या, अपडेट कराव्या लागल्या. सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत पॅकेज असताना सव्वादोन मिनिटं लागायची, आता दीड मिनिट लागतं.

डिफेंडरबद्दल लोकांच्या मनात जुना समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. विंडोज व्हिस्टात तो फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्राम, बघायचा. पूर्ण अँटिव्हायरस झाला तो २०१२ मध्ये विंडोज ८ पासून, आणि सुरुवातीची काही वर्षं चाचण्यांत त्याचे गुण बरेच खाली असायचे. आता तसं राहिलेलं नाही.

तरी मी आयकारची चाचणी केलीच. ६८ अक्षरांची एक ठरावीक ओळ असते, पूर्ण निरुपद्रवी, आणि सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला व्हायरस म्हणून ओळखायचं मान्य केलेलं आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकून सेव्ह करायला गेले, तर फाइल क्षणात गायब. पॅकेजनंही तिला असंच पकडलं होतं. या चाचणीतून अँटिव्हायरस जागा आहे एवढंच कळतं, तो किती हुशार आहे ते नाही.

डिफेंडर जसा मिळतो तसा ठेवू नका. विंडोज सिक्युरिटी उघडून मी तीन गोष्टी बघितल्या. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असावं, म्हणजे एखादा मालवेअर डिफेंडरलाच बंद करू शकत नाही. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, तिथे ॲप्स आणि डाउनलोड दोन्हींवर खूण हवी. तिसरी गोष्ट कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. ही २०१७ पासून आहे, पण मुळात बंद असते. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरांमध्ये अनोळखी प्रोग्रामला बदल करता येत नाही. खंडणीसाठी रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करतं ते नेमकं इथेच.

या सोयीनं मला एकदा चांगलंच दमवलं. बाबांचा फोटो सुधारण्याचा जुना प्रोग्राम फोटो सेव्ह करेना. 'फाइल सापडली नाही' असं म्हणायचा आणि बंद व्हायचा. मी प्रोग्राम पुन्हा टाकला, डिस्क तपासली, अर्धा तास गेला. शेवटी प्रोटेक्शन हिस्टरी उघडली तर तिथे स्पष्ट नोंद होती, या प्रोग्रामला पिक्चर्समध्ये लिहू दिलं नाही. तिथूनच परवानगी दिली आणि काम सुरू झालं. पहिल्या महिन्यात अशा चार प्रोग्रामांना परवानगी द्यावी लागली, नंतर एकदाही नाही. एक मर्यादाही लक्षात घ्या. ही सोय फाइल बदलू देत नाही, पण वाचायला आणि बाहेर पाठवायला मनाई करत नाही.

उणिवा आहेतच. फिरत्या डिस्कवर पूर्ण स्कॅन तीन तासांच्या आसपास घेतं आणि तेवढा वेळ मशीन कण्हत असतं. सेटिंग इतक्या आत दडवलेल्या आहेत की बाबांना त्या सापडणं शक्य नाही. डिफेंडर क्लाउडवर बराच विसंबतो, नेट बंद असेल तर त्याची नजर मंदावते. फसव्या साइट अडवणारा स्मार्टस्क्रीन मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये पूर्ण चालतो, दुसरा ब्राउझर असेल तर त्याच्या स्वतःच्या संरक्षणावर भिस्त. घरात मॅक आणि चारपाच मोबाइल असतील, सगळं एका जागी बघायचं असेल किंवा अडचणीत फोन करायला कुणीतरी हवं असेल, तर विकतचं पॅकेज घ्या. पण घेतल्या दिवशीच त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिराती, 'खास ऑफर' आणि सल्ले बंद करा. ते बंद करायची सोयच नसेल तर ते घेऊ नका.

याशिवाय मी केलेली आणि अँटिव्हायरसपेक्षा जास्त कामाची वाटणारी गोष्ट म्हणजे बाबांचं आणि मुलाचं खातं स्टँडर्ड केलं. काहीही इन्स्टॉल करायला माझा पासवर्ड लागतो. दर रविवारी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर जातात आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली जाते. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडणार नाही. आणि विंडोज अपडेट पुढे ढकलायचं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुम्ही अजून त्यावर असाल तर कुठला अँटिव्हायरस हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी तो प्रश्न सोडवा.

डिफेंडरही मधून मधून 'स्कॅन केलं, काही सापडलं नाही' असं सांगतो. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये मी तेवढं बंद केलं. ब्राउझरमध्ये तर कुठल्याही साइटनं नोटिफिकेशनसाठी विचारूच नये असं करून ठेवलंय. आता तो कोपरा रिकामा असतो.

गेल्या महिन्यात बाबांची पुन्हा हाक आली. पीडीएफ जोडायचं काहीतरी ते उतरवत होते. या वेळी हातात फोन नव्हता, चष्मा होता. चौकटीला हात न लावता त्यांनी मला मजकूर अक्षर न अक्षर वाचून दाखवला, फाइलच्या नावासकट, आणि विचारलं, "हे खरं आहे का गं?" खरंच होतं. त्या इन्स्टॉलरबरोबर दुसरंच काहीतरी चिकटून येत होतं आणि डिफेंडरनं ते अडवलं होतं. आम्ही फाइल काढून टाकली आणि पीडीएफ माझ्या खात्यावरून जोडून दिल्या.