खाण्यासाठी सोयाबीन : एनआरसी 127 आणि एनआरसी 142

इंदूरच्या राष्ट्रीय (पूर्वीच्या भारतीय) सोयाबीन संशोधन संस्थेचे हे दोन वाण आम्ही शेतात पेरले आणि रामबागेतल्या घरी शिजवूनही पाहिले. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने असूनही माळव्यातले बहुतेक पीक तेल कारखान्यांकडे जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात संपते, कारण दाण्यातील कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर हा घटक प्रथिनांचे पचन अडवतो आणि लायपॉक्सिजनेज-2 या विकरामुळे (एन्झाइममुळे) उग्र वास येतो. एनआरसी 127 मध्ये यांपैकी पहिला घटक नाही. एनआरसी 142 मध्ये दोन्ही नाहीत.

हे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेले, वाण नव्हेत. जबलपूरच्या जेएस 97-52 या सोयाबीन वाणाशी संकर करून, प्रत्येक पिढीत रोपांच्या डीएनएमधील खुणा तपासत हवी ती रोपे निवडण्यात आली. जीएम सोयाबीनच्या लागवडीस आपल्याकडे परवानगी नाही, मात्र 2021 मध्ये 12 लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली गेली. अशा वेळी माणसाच्या ताटासाठी केलेले हे देशी काम मला फार मोलाचे वाटते.

एनआरसी 142 च्या सोयादुधाला तो उग्र वास जवळजवळ येत नाही. सासूबाईंनी ते वेलदोडा घालून सहज घेतले, आणि त्या चवीच्या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाहीत. एनआरसी 127 थालिपिठाच्या भाजणीत उत्तम मिसळते, पण दुधासाठी मी ते सुचवणार नाही. कोणताही दाणा कच्चा खाऊ नये, कारण पचनाला अडथळा करणारे इतर घटक दोन्हींत उरतातच.

शेतात मात्र एनआरसी 127 हे लवकर येणाऱ्या जेएस 20-34 या वाणापेक्षा उशिरा तयार होते, त्यामुळे सोयाबीनमागून लवकर बटाटा लावणाऱ्याची त्यात अडचण होते. सोयाबीन स्वपरागित (स्वतःच्याच परागांनी फळणारे) असल्याने घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते, ही सोय संकरित बीटी कापसात नाही. लहान शेतकऱ्याच्या अन्नसुरक्षेत हा मुद्दा मला उत्पादनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खरी नाराजी विक्रीबद्दल आहे. मंडीत आमचा माल सरसकट सोयाबीनच्या भावानेच गेला, आणि वेगळा भाव नसेल तर हा वाण वेगळा साठवण्याचा खटाटोप शेतकरी का करील? तूर्त ज्यांना घरी खायचे आहे त्यांनी एनआरसी 142 घ्यावे, त्याचे बी हलक्या हाताने मळून ठेवावे आणि पेरणीपूर्वी उगवण किमान 70 टक्के असल्याची खात्री करावी.