आठ महिने ‘जबाबदारी अ‍ॅप’ वापरल्यावर

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, हे अ‍ॅप फोनमध्ये टाकलं आणि मृतांच्या दिवसाच्या (२ नोव्हेंबर) आदल्या आठवड्यात काढलं. मधले आठ महिने रोज वापरलं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीची बहुतेक अ‍ॅप अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती पुरुषांसाठी बनवलेली आहेत आणि त्यांची रीत साधारण सारखीच आहे. मी वसईचा, कॅथलिक, वय ३१, अविवाहित, अंधेरीला नोकरी. पॉर्न आणि हस्तमैथुनाची सवय आणि त्यानंतर येणारी अपराधी भावना, या दोन्हींतून सुटायचं म्हणून पैसे भरले. आमच्याकडे हा विषय कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अ‍ॅप दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेतं, तो धूसर करतं, संशयास्पद वाटला तर खूण करतं. रोज एक अहवाल आपण निवडलेल्या माणसाकडे जातो. माझा माणूस म्हणजे आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) युवा गटातला दादा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप. शिवाय स्वतः नोंद करायची सोय आहे. ‘पडलो’ असं बटण दाबलं की दिवसांचा आकडा पुन्हा शून्यावर येतो. सकाळी एक वचन आणि छोटा धडा. महिन्याला साधारण चौदाशे रुपये.

पहिले सहा आठवडे खरंच उपयोग झाला. रात्री साडेबाराला फोन हातात असताना उद्या दादा अहवाल बघणार, एवढी आठवण पुरायची. ईस्टरपर्यंत आकडा ३९ वर गेला होता. ईस्टरच्या आदल्या रात्री जागरणाच्या मिस्सेला (उपासनाविधीला) मेणबत्ती धरून उभा होतो तेव्हा वाटलं, झालं, सुटलो. तो आनंद खरा होता आणि त्याचं श्रेय मी अ‍ॅपला आजही देतो.

तांत्रिक तक्रारी आधी उरकतो. बॅटरी दुपारीच संपते. अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं. त्यामुळे माझ्या बँकेचं अ‍ॅप उघडेना, पैसे पाठवायचे तर आईचा फोन घ्यावा लागे. याच परवानगीच्या वापरावरून २०२२ मध्ये गूगलने अशी काही अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली होती, हे मला नंतर कळलं. मराठी याला अजिबात कळत नाही; इंग्रजी शब्दांवर झडप, देवनागरीत काहीही असलं तरी डोळेझाक. आणि जुलैमध्ये मावशीला छातीत गाठ लागली. त्या रात्री मी गाठीविषयी वाचत बसलो होतो. सकाळी दादाकडे लाल खुणांचा अहवाल गेला. दादाने काही न विचारता फक्त ‘प्रार्थना करतोय तुझ्यासाठी’ असा मेसेज केला. तो वाचून मला रडू आलं. मावशीविषयी सांगायचं सोडून मी सफाई देत बसलो होतो.

पण खरा त्रास त्या आकड्याचा. ईस्टरनंतर आठ दिवसांनी तो शून्यावर आला. मग ४, मग ११, मग २. सकाळी उठल्याउठल्या प्रार्थनेआधी आकडा बघायचा. स्वप्नात काही झालं तर तेसुद्धा नोंदवायचं का, यावर मी एक अख्खा दिवस घालवला आहे. (बायबलमधल्या लेवीय १५:१६ मध्ये वीर्यपात झालेल्या पुरुषाने अंघोळ करावी आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं, एवढंच सांगितलंय. तो विधीच्या शुद्धाशुद्धतेचा नियम आहे. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो दिवस वाचला असता.) जून ते ऑगस्ट मी एकदाही कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेतलं नाही; गंभीर पाप अंगावर असताना ते घेता येत नाही. बाकावरचे सगळे उठून रांगेत जायचे, मी गुडघे टेकून बसायचो. आई परत येऊन शेजारी बसायची आणि काही विचारायची नाही. ते तिचं न विचारणं मला अहवालापेक्षा जड जायचं.

दर शनिवारी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. ऑगस्टमध्ये एकदा फादर म्हणाले, “बाळा, तू मागच्या शनिवारीही आला होतास ना?”

“हो फादर. पण मागच्या वेळी नीट सांगितलं नाही असं वाटतंय.”

“किती वेळा ते तू दरवेळी नीट सांगतोस. आता मला सांग, या आठवड्यात घरी काय झालं?”

बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. मी पाच रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढल्या होत्या आणि सहाव्या रात्री घरी आल्यावर ‘पडलो’. मी हे सांगितलं तेव्हा फादर बराच वेळ गप्प राहिले. घरी येऊन मी अ‍ॅपमधली तोवरच्या सहा महिन्यांची, सगळी नोंद उघडली. प्रत्येक नोंदीला वेळ होती: रात्री बारा ते दोन. दिवस पाहिले तर ऑफिसात माणसं कमी करणार अशी बातमी आली तो, लग्नाची बोलणी फिसकटली तो, हॉस्पिटलचे. हे सगळं अ‍ॅपजवळ होतं. त्याने ते मोजलं, पण त्यावर मला एक प्रश्न कधी विचारला नाही.

फादरांनी मला जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची गोष्ट सांगितली. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी तो याच गर्तेत होता. झालेली पापं पुन्हा पुन्हा सांगायचा, तरी काहीतरी राहिलं असं वाटायचं, जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले होते. पापाविषयीच्या अशा सततच्या शंकेला चर्चमध्ये ‘स्क्रुपल’ म्हणतात; तो लॅटिन शब्द मुळात बारीक टोकदार खड्याचा. बुटात खडा घेऊन चालणारा माणूस रस्त्याकडे बघत नाही, प्रत्येक पावलाला खड्याकडेच बघतो. माझं नेमकं तेच झालं होतं.

मग मी चर्चची शिकवण मुळातून वाचली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातला २३५२ वा परिच्छेद. पहिला भाग कडक आहे. हस्तमैथुन हे मुळातच आणि गंभीरपणे विपरीत कृत्य आहे, असं तो स्वच्छ म्हणतो. माझ्या कानावर आजवर एवढाच भाग आला होता. पण परिच्छेद तिथे संपत नाही. माणसाची जबाबदारी ठरवताना भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय, चिंतेची अवस्था आणि इतर मानसिक-सामाजिक कारणं लक्षात घ्या, ती दोष कमी करतात, असं पुढे आहे. १९९७ च्या सुधारित पाठात तर ती दोष अगदी किमान पातळीवरही आणू शकतात असं आहे. पाप प्राणघातक, म्हणजे कम्युनियनपासून दूर ठेवणारं गंभीर, ठरायला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती, तिन्ही लागतात. पाच रात्रींच्या जागरणानंतर एक वाजता माझी संमती किती पूर्ण होती?

प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की डिसेंबर १९७५ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात गंभीर जबाबदारी सहसा नाहीच असं गृहीत धरू नये, असंही बजावलं आहे. म्हणजे ही मोकळीक नाही. पण चर्च माणसाकडे बघून तोलायला सांगतं, आणि अ‍ॅपकडे तो तराजूच नाही. तिथे सगळ्याला एकच बटण.

अ‍ॅपमधल्या धड्यांवर माझा मोठा आक्षेप आहे. तिसऱ्याच आठवड्यात बायबलमधला ओनान आला. उत्पत्ती ३८ उघडून वाचा. भाऊ निपुत्रिक मेला, त्याच्या विधवेला, तामारेला, संतती द्यायची जबाबदारी ओनानवर होती. तो तिच्यापाशी जायचा पण संतती भावाच्या नावाची होईल म्हणून वीर्य जमिनीवर सांडायचा. तिथे एक बाई फसवली जातेय, एका मेलेल्या माणसाचं नाव बुडवलं जातंय. एकट्या माणसाच्या खोलीतली ती गोष्टच नाही. हस्तमैथुनाचा थेट उल्लेख बायबलमध्ये कुठेच नाही. मत्तय ५:२८ मध्ये येशू वासनेने स्त्रीकडे पाहण्याविषयी बोलतो आणि पॉर्नच्या बाबतीत मला ते वचन थेट लागू वाटतं, कारण तिथे समोर कुणाची तरी लेक असते. अहिल्यानगरचा माझा प्रोटेस्टंट मित्र सांगतो की त्यांच्याकडे यावर एकमत नाही. इतर बाबतींत कडक मानले जाणारे अमेरिकेतले ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सनसुद्धा हस्तमैथुनाविषयी सौम्य होते. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं होतं.

एका धड्यात ‘शक्ती क्षीण होते’ असंही सूचित केलं होतं. हे धर्मशास्त्रही नाही आणि वैद्यकही नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० मध्ये ओनानच्या नावाने फ्रेंच पुस्तक काढून वीर्यनाशाने रोग होतात ही भीती युरोपभर पसरवली. आपल्याकडे ‘धातू जाते’ ही भीती आधीपासून होतीच; लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती तिच्यावरच चालतात. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे देव मानत नव्हते, मी मानतो. तरी भीती घालून कुणाला पवित्र करता येत नाही, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

‘व्यसन’ हा शब्द अ‍ॅप पहिल्या स्क्रीनपासून वापरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण केवळ नैतिक अपराधभावातून होणारा त्रास त्या निदानाला पुरेसा नाही, असं तिथेच स्पष्ट केलंय. ज्याची नोकरी, नाती, झोप महिनोन्‌महिने बिघडली आहे त्याने समुपदेशकाकडे जावं. मी चार वेळा गेलो, फायदा झाला.

मला आता हे सगळं चालतं असा अर्थ कृपया काढू नका. शरीर कुणाला तरी देण्यासाठी आहे, हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ बुधवारच्या प्रवचनांतून मांडलेला विचार मला सुंदर वाटतो आणि मला तसंच जगायचंय. हस्तमैथुनात ते देणं होत नाही, असं मी मानतो. पण कम्युनियनच्या रांगेतून स्वतःला तीन महिने हाकलून दिल्याने मी त्या देण्याच्या जवळ गेलो नाही, लांबच गेलो.

घेणार असाल तर: दीड-दोन महिन्यांपुरतं घ्या, आकड्याची सोय बंद ठेवा आणि अहवाल अशाच माणसाकडे जाऊ द्या जो खूण दिसल्यावर फोन करेल. वारंवार तीच कबुली द्यावीशी वाटत असेल तर घेऊच नका, आधी फादरांशी बोला. पुढच्या महिन्याचे पैसे कापायच्या तारखेआधी रद्द करा. माझे एका महिन्याचे गेले.

अ‍ॅप काढलं की त्याचीही सूचना अहवाल बघणाऱ्या माणसाला जाते. दहा मिनिटांत दादाचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

“काढलंस?”

“हो दादा. तुला सांगणारच होतो.”

“बरं केलंस. मलाही ते लाल ठिपके बघवत नव्हते, पण तुला कसं सांगू कळेना. मावशी कशी आहे?”

गाठ साधी निघाली होती. हे मी त्याला चार महिन्यांत सांगितलंच नव्हतं. त्या रविवारी मिस्सेनंतर मी त्याच्याकडे जेवायला गेलो.

फोन आता रात्री दहाला स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला असतो.