सीएमटी, कंडक्टिव्हिटी मीटर की कीटोन मीटर? आठ-दहा गाईंच्या गोठ्यात आधी काय घ्यावं

आपल्याकडे सांगोला-पंढरपूर भागात कासदाहाला 'दगडी' म्हणतात. कास दगडासारखी घट्ट लागेपर्यंत कुणी बघतच नाही, म्हणून हे नाव पडलं असावं. दुधात गुठळ्या दिसण्याआधी आजार धरायचा तर तीन साधनं हाताशी आहेत.

सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, मस्टायटिस म्हणजे कासदाह) म्हणजे चार वाट्यांचं पॅडल आणि जांभळं द्रावण. १९५७ पासूनची पद्धत आहे. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घ्यायचं, तेवढंच द्रावण घालून गोल फिरवायचं. द्रावणातल्या साबणानं दुधातल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध शेंबडासारखं चिकट होतं. मिलीलिटरमागे २ लाखांच्या वर पेशी गेल्या की सडात गडबड आहे असं धरतात. चिकाच्या दिवसांत आणि आटत आलेल्या गाईत मात्र ही चाचणी फसवते, कारण तेव्हा पेशी मुळातच जास्त असतात.

कंडक्टिव्हिटी मीटर दुधातलं मीठ ओळखतो. कासेला सूज आली की दुधात सोडियम-क्लोराइड वाढतं आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घटतं. नुसत्या आकड्याला फार अर्थ नाही, त्याच गाईचे चार सड एकमेकांशी ताडून बघावे लागतात. लॅक्टोजवरून आठवलं. माझ्याकडे दोनच गाई होत्या तेव्हा डेअरीवर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, त्यात लॅक्टोजही येतं) घसरायला लागला. मी आठवडाभर पेंडेला शिव्या घातल्या. शेवटी पॅडल घेतलं, तर एका गाईचा मागचा उजवा सड दगडीचा निघाला.

कीटोन मीटरचं काम वेगळं. व्यायल्यावर गाय खाते त्यापेक्षा जास्त दूध देते, अंगची चरबी जाळते आणि रक्तात बीएचबी नावाचा कीटोन चढतो. तो लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी कीटोसिस धरतात. अशा गाईच्या पांढऱ्या पेशी सुस्त पडतात आणि सडातून शिरलेला जंतू टिकून राहतो. म्हणजे दगडी झाली का, हे मीटर सांगत नाही. कोणत्या गाईवर डोळा ठेवायचा, ते सांगतो, तेही व्यायल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. माणसांसाठीचा मीटरही चालतो, पण दर वेळी नवी पट्टी लागते आणि खर्च तिथेच होतो.

आपल्याकडची एक गोष्ट मीटरला दिसत नाही: उसाचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की धार काढल्यावर सडाचं तोंड लवकर मिटत नाही आणि जंतूला आत शिरायला वाट मिळते. निव्वळ वाढ्यावर गाभण गाय ठेवणाऱ्यानं आधी कडबा आणि खनिज मिश्रणाचं बघावं, मीटर मग.

माझं मत विचाराल तर पॅडल आजच घ्या आणि दर पंधरा दिवसांनी सगळ्या गाई तपासा. कंडक्टिव्हिटी मीटर लहान गोठ्याला मी सुचवणार नाही, त्याचं काम पॅडल स्वस्तात करतं. कीटोन मीटर तिघा शेजाऱ्यांत एक पुरतो, पट्ट्या ज्याच्या त्यानं आणाव्यात. पंढरपुरी म्हशी असतील तर तोही राहू द्या, त्या एवढं दूध उपसत नाहीत.

आणि वाटीत दूध चिकट झालं म्हणून लगेच सडात औषधाची ट्यूब चढवू नका. आधी त्या सडाचं दूध स्वच्छ बाटलीत घेऊन डॉक्टरांमार्फत तपासणीला पाठवा, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते कळतं.