खानापुरात फ्लाय रॉड: आठ महिने पाणी झोडपल्यावर

दिवाळीच्या तोंडावर फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी फेकून मासे धरायची काठी घेतली, आता मृग लागलाय. मधल्या काळात मलप्रभेचे डोह, गावाकडची दोन तळी आणि शाळेचं मैदान एवढ्या ठिकाणी हा रॉड फिरवला. खरं सांगायचं तर मैदानावरच जास्त, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. गांडूळ लावून मासे धरत मोठा झालेला कुणी असला रॉड घ्यायच्या विचारात असेल, तर हे वाचून मग पैसे घालावेत.

माझा नऊ फुटी, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा. मुठीच्या वर ९०५-४ असं छापलेलं असतं ते हेच. रीळ-दोरासकट साडेनऊ हजार पडले. नळीत बसतो, मोटरसायकलला बांधून कुठंही नेता येतो.

आता नंबरचा घोळ. आपल्या साध्या गळाला शिसं पुढं जातं आणि दोर त्याच्यामागं ओढला जातो. इथं सगळं उलटं. पिसा-दोऱ्याच्या माशीला वजनच नसतं, म्हणून जाड दोर फेकायचा, माशी त्याच्यामागनं जाते. रॉडचा नंबर म्हणजे तो कुठल्या वजनाचा दोर पेलतो तो आकडा. पाच नंबरच्या दोराचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साडेतेरा. हे मला कळलं तेव्हा रॉड घेऊन तीन महिने झाले होते!

‘नवशिक्यानं नऊ फूट, पाच नंबर घ्यावा’ हा सल्ला सगळीकडं मिळतो, पण तो ट्राउट डोळ्यांपुढं ठेवून दिलेला. थंड पाण्यातला मासा तो. खानापुरात कुठला ट्राउट? आमच्याकडं चिलापी, मरळ आणि नदीतली बारीक मासळी. चिलापीला हा रॉड झकास. तळहाताएवढी लागली तरी पार खालपर्यंत वाकतो. मरळीचं मात्र जमलं नाही. ती शेवाळात दडून बसते, तिला बेडकाएवढी तरंगती माशी दाखवावी लागते. ती वाऱ्याला अडते आणि पाच नंबरचा दोर तिला नेतच नाही, धपकन पुढ्यात पडते. दोनदा मरळ लागली, दोन्ही वेळा शेवाळात घुसली आणि रॉड नुसता कमान होऊन राहिला. गोव्यातला मित्र खाडीवर वापरतो तो आठ नंबर एका रविवारी मागून आणला, तेव्हा फरक कळला. मरळच धरायची असेल तर पाचच्या नादाला लागू नका.

पहिल्यांदा फेकत होतो तेव्हा काठावरचे एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “पाणी झोडपूलास काय रे?” त्यांच्या बांबूच्या काठीला तोवर पाच-सहा मासे लागले होते. पण बोलले ते खरं होतं. दोर मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं असतं, मी आसुडासारखा मारत होतो. मधल्या ताकदीचा रॉड घेतल्याचा इथं फायदा झाला. तो मधोमध वाकतो, दोराचा ओढा हाताला कळतो. फार ताठ रॉड फक्त टोकाला वाकतो, नवख्याला काही समजत नाही.

सगळ्यात वाईट निघाला तो सोबत आलेला दोर. थंड पाण्यासाठीचा होता. चैत्रातल्या उन्हात काकवी लावल्यासारखा चिकट झाला, रॉडच्या कड्यांतून सरकेना. त्यात मी तो कापलेल्या भाताच्या सडात ओढून खरवडलेला. विकणाऱ्यानं दोन मेलनंतर उत्तर देणंच सोडलं. मग उष्ण पाण्याचा, एक नंबर जड म्हणजे सहाचा दोर वेगळा घेतला. तोच रॉड शहाणा झाला! पुन्हा घ्यायची वेळ आली तर रॉड स्वस्तातला घेईन, पण दोरावर खर्च करेन, आणि रॉडही सहा नंबरचाच. रिळावर मात्र पैसे घालू नका. आपल्या माशांना ते दोर गुंडाळायच्याच कामाचं.

एकदा फेकता फेकता वरचा तुकडा सुटून थेट डोहात गेला. दोराला अडकला म्हणून वाचला. तेव्हापासून सांध्याला मेणबत्ती घासतो आणि तासाभरानं पिळून बघतो.

आता चढणीचे मासे सुरू होतील, अंड्यांवर आलेल्या मासळीला मी गळ लावत नाही. रॉड माळ्यावर गेलाय, पण नळीबाहेर, कापडात. मागच्या अवकाळीत ओलाच नळीत कोंबला होता, तर कॉर्कच्या मुठीला बुरशी आली.