आधी डिस्कला कान लावा, मग ठरवा: सॉफ्टवेअर, दुकान की लॅब?

मागच्या दिवाळीत वहिनीचा लॅपटॉप विंडोजच्या लोगोवरच अडकून बसला आणि त्यात पुतणीच्या बारशापासूनचे सगळे फोटो, बॅकअप कुठेच नाही. दादा म्हणे दुकानात दे, भाचा म्हणे सॉफ्टवेअर टाकू, शेजारचे काका म्हणे डिस्क फ्रीजरमध्ये ठेव (नका ठेवू, आत दव धरतं). तुमचंही असंच झालं असेल तर पैशाचं नंतर बघा, आधी डिस्कला कान लावा. खरंच लावा.

ठराविक लयीत टिक-टिक किंवा खरखर येत असेल तर लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करायचा. आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) प्लॅटरपासून, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीपासून, केसाहूनही बारीक अंतरावर तरंगत असतं, ते बिघडलं की प्रत्येक वेळी चालू करताना प्लॅटरवर ओरखडे पडू शकतात, आणि जिथे ओरखडा पडला तिथला डेटा कुणाचा बापही परत आणू शकत नाही. मग सॉफ्टवेअर पण बाद आणि गल्लीतलं दुकान पण बाद, सरळ क्लीन रूम (धूळ नसलेली खोली, जिथे डिस्क उघडता येते) असलेली डेटा काढून देणारी लॅब. महाग पडतं हो, पण निदान आधी बिघाड तपासून खर्चाचा आकडा सांगतात का ते विचारा आणि मगच हो म्हणा.

आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघायचं, फुकट आहे. त्यात ०५ आणि सी-५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून डिस्कने बदलून टाकलेले सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी-५ म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले सेक्टर, तिथे शून्याच्या वर काही दिसलं की डिस्कचं काही खरं नाही समजायचं. आणि अशा वेळी लोक हमखास चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल चालवतात, ते अजिबात नको, ते फाइल सिस्टीम (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद) जुळवायच्या नादात अर्धवट फाइली कापून टाकतं, तुमचे फोटो वाचवणं हे त्याचं कामच नाही.

आता सॉफ्टवेअर. चुकून डिलीट झालंय आणि डिस्क ठणठणीत आहे तर रेकुव्हा बास, सोपं आहे आणि बहुतेक वेळा फाइलींची नावंही परत मिळतात, पण ते फक्त विंडोजवर. पार्टिशनच (सी, डी असे डिस्कचे भाग) दिसत नसेल तर टेस्टडिस्क. आणि फाइल सिस्टीमची पार वाट लागली असेल तर त्याचाच भाऊ फोटोरेक, तो फोल्डर-बिल्डर बघतच नाही, फाइलीच्या सुरुवातीचे ठरलेले बाइट ओळखून उचलतो, म्हणून मिळतं खूप पण नावं सगळी गायब. कुठलंही वापरा, मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करू नका.

दुकानाबद्दल माझं मत जरा कडू आहे. माझाच जुना लॅपटॉप एकाने "डेटा काढतो" म्हणून घेतला आणि फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून परत दिला, म्हणजे जुन्या डेटावर कितीतरी जीबी नवीन लिहिलं गेलं. सगळेच असे नसतात, पण "आधी क्लोन (डिस्कची हुबेहूब कॉपी) घेता का?" एवढं विचारा, उत्तर देताना चाचरला की लॅपटॉप उचलून घरी या. मदरबोर्ड गेलाय आणि डिस्क धड आहे अशा वेळी तर दुकानही नको, अडीच इंची डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला, दुसऱ्या कम्प्युटरला लावा, झालं.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर हे गणितच वेगळं. ट्रिम, म्हणजे डिलीट केलेली जागा रिकामी करायची सोय, चालू असतं, त्यामुळे डिलीट केलेलं थोड्या वेळात आतूनच पुसलं जातं, लॅबसुद्धा सहसा हात वर करते. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधा, बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

वहिनीच्या डिस्कला आवाज नव्हता, पण सी-५ होतं. म्हणून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची कॉपी घेणारं सॉफ्टवेअर लावलं, ते धड भाग आधी कॉपी करतं आणि खराब सेक्टरांशी झटापट शेवटी करतं, मध्येच बंद पडलं तरी मॅप फाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) असेल तर तिथून पुढे चालू होतं. दोन रात्री लागल्या. मग त्या कॉपीवर फोटोरेक. हजारो फोटो आले, नावाच्या जागी नुसते आकडे, आणि त्यात अर्धे गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड. वहिनी अजून रोज जेवणानंतर बसून निवडतीये, बारशाचे सापडलेत, पहिल्या वाढदिवसाचा केक मात्र अर्धा करडा आलाय.