टॅब टीव्हीला जोडून घरचा क्लास: काही महिन्यांनंतरचा अनुभव, आणि मागच्या रांगेला नेमकं काय दिसतं

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. टॅब टीव्हीला जोडणं सोपं आहे, चित्र छान येतं, वायर लावली तर अडकतही नाही. फक्त ४३ इंची टीव्ही म्हणजे सगळ्यांना मोठं दिसणार असं जे आपण धरून चालतो ना, ते हॉलच्या पहिल्या पाच-साडेपाच फुटांपुरतंच खरं आहे. त्याच्या मागे बसलेल्याला तुमच्या हातातला टॅब जेवढा मोठा दिसला असता तेवढाही टीव्ही दिसत नाही. पटत नाहीये? खाली हिशोब मांडलाय, गणिताची मॅडम आहे त्यामुळे सुटका नाही.

मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये घरीच आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. आधी भिंतीवर पांढरा बोर्ड होता, मार्करचा वास आणि दर आठवड्याला नवीन मार्कर, शिवाय पुसलं की गेलं, मग पोरं फोन करणार मॅडम ते तिसरं उदाहरण पाठवा ना. म्हणून टॅबवर पेनने लिहायचं, ते टीव्हीवर दिसायचं आणि क्लास संपला की पीडीएफ ग्रुपवर टाकायची असं ठरवलं. टॅब सॅमसंगचा टॅब एस९ आहे, ११ इंची, २५६० बाय १६००, पेन बॉक्समध्येच येतं. टीव्ही घरातला जुनाच, ४३ इंची फुल एचडी, शोकेसमध्ये बसवलेला.

जोडायचं कसं त्यात जास्त वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट घेण्याआधी बघाच. टॅबला टाईप सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून टीव्हीला चित्र जातं असं नाही. आतलं यूएसबी २.० असेल तर साध्या एचडीएमआय अडॅप्टरने काहीही होणार नाही, कितीही महागाचा आणा. पोर्टला डिस्प्लेपोर्टची, म्हणजे त्यातून चित्र बाहेर पाठवायची सोय लागते, आणि स्वस्तातल्या बहुतेक टॅबना ती नसते. ह्याच टॅबचा एफई म्हणून स्वस्त भाऊ आहे त्यातही वायरने चित्र बाहेर येत नाही, कारण तिथे यूएसबी २.० आहे. दुकानात विचारलं तर ताई सगळ्याला चालतं हेच उत्तर मिळतं. मी एमजी रोडला टॅब पर्समध्ये घेऊनच गेले, म्हटलं भाऊ, त्या समोरच्या टीव्हीला लावून दाखवा, चित्र आलं तर पैसे देते. आलं. घेताना नुसता अडॅप्टर न घेता चार्जिंगचं भोक असलेला हब घ्या, कारण टॅबला पोर्ट एकच असतो, त्यात अडॅप्टर घुसला की चार्जर कुठे लावणार, आणि संध्याकाळच्या लागोपाठ दोन बॅचेसमध्ये बॅटरी बरीच उतरते. हब गरम होतो, सुरुवातीला मी घाबरले होते पण काही झालेलं नाही अजून.

आता मुख्य मुद्दा, साईझ.

टीव्हीचा पडदा १६:९ असतो. माझा टॅब १६:१०. म्हणजे टॅब जरा जास्त चौकोनी, त्यामुळे त्याचं चित्र टीव्हीवर उंचीला पूर्ण बसतं आणि डावी-उजवीकडे काळे पट्टे राहतात. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो, त्यातले चित्राला मिळतात पावणेचौतीस. दोन्ही बाजूंना जवळजवळ दोन-दोन इंच काळं. कर्ण काढला तर माझा ४३ चा टीव्ही ४० चा झाला. आयपॅडवाल्यांचं अजून अवघड, कारण बरेचसे आयपॅड ४:३ च्या आसपास, तिथे तेच चित्र २८ इंच रुंद येतं, म्हणजे ४३ पैकी ३५ इंचच हातात. मैत्रिणीकडे आयपॅड आहे, तिने पहिल्यांदा लावला तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या टीव्ही बिघडला वाटतं. आयपॅडवर व्हिडिओ लावला की मात्र बरेच ॲप तो व्हिडिओ पूर्ण पडद्यावर टाकतात, पट्टे येतात ते नुसतं आरशासारखं मिररिंग केल्यावर.

पट्टे बघवत नाहीत म्हणून लोक काय करतात, टीव्हीच्या रिमोटवरून वाईड किंवा फुल मोड लावतात, चित्र ताणलं जातं आणि पट्टे जातात. सिनेमा बघायचा असेल तर करा बापडे, मला काही म्हणायचं नाही. मी दहावीला भाग २ मधलं वर्तुळ शिकवत होते, टॅबवर छान गोल वर्तुळ काढलं, केंद्र दिलं, एक आडवी त्रिज्या काढली, एक उभी काढली, आणि म्हटलं एकाच वर्तुळाच्या त्रिज्या समान. पहिल्या रांगेतलं एक पोरगं टीव्हीकडे बघत म्हणतं मॅडम समान दिसत नाहीयेत. आणि नव्हत्याच! घरात कोणीतरी आदल्या रात्री मॅच बघताना वाईड मोड लावून ठेवला होता. १६:१० चं चित्र १६:९ मध्ये ताणलं की रुंदी अकरा टक्क्यांनी वाढते, वर्तुळाचं अंडं होतं, काटकोन तिरका काढला असेल तर तो काटकोन राहत नाही. ४:३ ताणलं तर तेहेतीस टक्के. भूमिती शिकवणाऱ्यांनी पट्टे मुकाट्याने सहन करावेत.

ह्याच्या उलट अजून एक प्रकार होतो, कडा कापल्या जाण्याचा. बरेच टीव्ही एचडीएमआयवर आलेलं चित्र थोडं मोठं करून दाखवतात, जुन्या प्रक्षेपणाच्या काळातली सवय, त्यामुळे चारही बाजूंनी थोडं थोडं बाहेर जातं. माझी नोट्सच्या ॲपची वरची पट्टी अर्धी दिसत नव्हती. टीव्हीच्या पिक्चर साईझच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, कंपनीप्रमाणे नाव वेगळं, कुठे स्क्रीन फिट, कुठे जस्ट स्कॅन, कुठे फुल पिक्सल. हे एकदा केलं की परत बघावं लागत नाही, फक्त बऱ्याच टीव्हींमध्ये ते त्या एचडीएमआय पोर्टपुरतंच लागू होतं, म्हणून वायर रोज त्याच पोर्टला लावा.

आता तो हिशोब. माझा टॅब नऊ इंचाच्या थोडा वर रुंद आहे आणि मी तो दीड फुटावरून बघते. टीव्हीवरचं चित्र पावणेचौतीस इंच, म्हणजे साधारण ३.६ पट. तर मग टीव्ही टॅबएवढाच मोठा दिसायला मी दीड फुटाच्या ३.६ पट अंतरावर बसायला हवं, म्हणजे साडेपाच फुटांच्या जरा आत. आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर पहिली रांग तिथे बसते, ती खूश. शेवटची रांग डायनिंग टेबलच्या खुर्च्यांवर, टीव्हीपासून अकरा फूट. त्यांना जे दिसतं ते म्हणजे दीड फुटावर धरलेला साडेचार इंच रुंदीचा पडदा. हल्लीचा मोबाईल आडवा धरला तरी तो ह्याच्यापेक्षा रुंद असतो! म्हणजे एवढा खटाटोप करून मागच्या पोरांना मी मोबाईलपेक्षा छोट्या पडद्यावर गणित शिकवत होते.

दिसतंय का सगळ्यांना असं विचारलं की पोरं हो म्हणतात, त्यावर जाऊ नका. मी माझी कसोटी बदलली, मागच्या रांगेला विचारते की ह्या क्ष च्या डोक्यावर काय आहे, वर्ग की घन. सगळ्यात बारीक तोच असतो. घातांक वाचता आला तर बाकीचं दिसतंय समजायचं. दुसरी जागा म्हणजे दशांश चिन्ह, आणि मराठी माध्यमाच्या पोरांसाठी अनुस्वार, "किंमत"वरचा ठिपका नाही दिसला तर चालतं पण ३.५ चे ३५ झालेले चालत नाहीत.

सगळ्यात वाईट अवस्था पुस्तकाच्या पानाची. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, मला वाटलं होतं पान टीव्हीवर लावलं की झालं काम. पण पान उभं आणि टीव्ही आडवा. अख्खं पान दाखवलं तर उंची एकवीस इंच भरते आणि रुंदी मिळते जेमतेम पंधरा, बाकी सगळा टीव्ही रिकामा. अकरा फुटांवरून ते पान म्हणजे दोन इंच रुंदीचा कागद. म्हणून अख्खं पान कधीच दाखवत नाही, एका वेळी तिसरा भाग, रुंदी भरेल इतकं झूम करून. निफाडचे मामा आले की त्यांना सातबारा टीव्हीवर बघायचा असतो, तिथेही हीच गंमत. आणि लग्नातले उभे धरून काढलेले व्हिडिओ तर विचारूच नका, पडद्याचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही, मधोमध एक उभी फळी आणि त्यात नाचणारे पाहुणे.

मग मी काय काय केलं. नोट्सच्या ॲपमध्ये उभं पान सोडून आडवं घेतलं, आणि एका पानावर पाच-सहा ओळींच्या वर लिहायचं नाही. पेनची जाडी वाढवली, काळ्यावर पांढरं लिहून बघितलं पण दिवसा गॅलरीतून ऊन येतं तेव्हा काळ्या पडद्यात पोरांना स्वतःचे चेहरे दिसतात, म्हणून परत पांढऱ्यावर निळं. टॅबच्या सेटिंगमध्ये स्क्रीन झूम आणि फॉन्ट दोन्ही वाढवले, हे टीव्हीवर जसंच्या तसं मोठं येतं. आणि खुर्च्या पुढे ओढल्या, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पडलेला उपाय.

सॅमसंगच्या टॅबमधलं डेक्स पण वापरून बघितलं. त्यात टीव्हीवर कॉम्प्युटरसारखा वेगळा डेस्कटॉप उघडतो आणि तो १६:९ मध्ये पूर्ण पडदा भरतो, पट्ट्यांचा प्रश्नच मिटतो. पण मग टीव्हीवर एक आणि टॅबवर दुसरं, मी पेनने टॅबवर लिहिलेलं टीव्हीवर उमटत नाही, त्यामुळे लिहून शिकवण्यासाठी माझ्या उपयोगाचं नाही. मुलगी तिचं प्रोजेक्ट टाईप करायला वापरते, कीबोर्ड माऊस लावून, ते मस्त चालतं.

बिनतारी मिररिंग, म्हणजे स्मार्ट व्ह्यू म्हणा किंवा मिराकास्ट, त्याचा एक फायदा लोकांना माहीत नसतो, त्याला इंटरनेट लागत नाही, टॅब आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे इकडे रस्ते खणायचं चालूच आहे, नेट कधी जाईल नेम नाही, तेव्हा हे उपयोगी पडलं. पण लिहिताना रेघ टीव्हीवर जरा उशिरा येते, मी बोलते पुढचं आणि पडद्यावर असतं मागचं, मधेच चित्र फुटतं. वायरला ही कटकट नाही. आयपॅडला मिराकास्ट चालत नाही, त्याला एअरप्ले असलेला टीव्ही किंवा डबी लागते.

आणि कास्ट हा प्रकार वेगळा हे लक्षात ठेवा. आईला तिची कीर्तनं यूट्यूबवर बघायची असतात, तेव्हा मी मिररिंग करतच नाही, कास्टचं बटण दाबते. त्यात टीव्ही व्हिडिओ थेट नेटवरून घेतो, टॅब नुसता रिमोट, त्यामुळे पट्टे नाहीत, टॅबची स्क्रीन बंद केली तरी चालतं. ओटीटीची काही ॲप वायरने मिरर केली तर आवाज येतो आणि चित्र काळं, ते कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप आहे, वायर खराब नाहीये, दुकानात परत घेऊन जाऊ नका.

क्लास सुरू करायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावायचं. समरूपतेची प्रमेयं चालू असताना वहिनीचा "गवार संपलीय, येताना आण" हा मेसेज टीव्हीच्या कपाळावर आला आणि त्यानंतर पोरांनी प्रमेय कसलं ऐकताय.

३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर हे करायचा विचार असेल तर स्पष्ट सांगते, पाच-सहा पोरांच्या वर नको. तिथे पडद्यावर उभे ७६८ च ठिपके असतात, टॅबचे १६०० त्यात कोंबले जातात, बारीक अक्षरं पुसट होतात, झूम केल्याशिवाय वाचवत नाही. दुसऱ्या टोकाला, ५५ इंची घेऊ का असं माझ्या मनात आहे. पण हिशोब तोच लावला तर टॅबएवढं दिसायचं अंतर साडेपाच फुटांवरून सात फुटांवर जातं, अकरा फूटवाले तरी मागेच राहतात, शिवाय तो सव्वाशे सेंटीमीटर रुंद आणि आमच्या शोकेसचा खण एकशे दहाचा, म्हणजे टीव्हीच्या वर कारपेंटरचं बिल. त्यापेक्षा बॅच दोन भागांत केली तर संध्याकाळचा एक तास जास्त जाईल, बाकी खर्च शून्य. जूनपासून तेच करणार आहे.

वायर घेताना पाच मीटरची घ्या. तीन मीटरची टेबलापर्यंत हवेतून पोहोचते, पण भिंतीच्या कडेने फिरवली की कमी पडते, आणि हवेतून नेली तर दप्तर घेऊन येणारं पहिलंच पोरगं त्यात पाय अडकवतं. हब मी टेबलाच्या पायाला वेल्क्रोने बांधून टाकलाय, म्हणजे ओढ बसली तरी ती हबला बसते, टॅबचा पोर्ट वाचतो.